कॅरमवरचा दिवा

दहा-अकरा वर्षांनी दिसायला लागल्यावर कुमुद सुर्वेंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर लेकीला नावं ठेवली.

"अगो, ही काय दशा केलीस केसांची? कानावर सगळे पांढरे. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

शाल्मली रडायच्या तयारीत होती. पदर नव्हता म्हणून ओढणी हातात धरून बसली होती बिचारी. पण आईचं हे पहिलं वाक्य ऐकून तिला इतकं हसू फुटलं, की डॉक्टर बर्जे आतल्या खोलीतून काय झालं म्हणून बघायला आले. मग आईने त्यांच्याकडेही डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "आवाजावरून मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

रत्नागिरीत ही शस्त्रक्रिया झालेली ती पहिलीच बाई. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू मेला, की त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. चिप उजेड टिपते, त्याचे विजेचे ठोके करते आणि मागच्या शिल्लक नसांना पोचवते. चित्र करडं दिसतं, जरा धूसर असतं, पण दिसतं. कानामागे एक इवलंसं बटण, त्याने चिप चालू-बंद करायची. दवाखान्यातून घरी येताना आईने रिक्षा तीनदा थांबवली. एकदा समुद्र बघायला, एकदा फणसाच्या झाडाला लगडलेले फणस बघायला, आणि तिसऱ्यांदा कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवरची नक्षी बघायला. रिक्षावाला वैतागण्याऐवजी स्वतःच "काकी, तो बघा बगळा" करत दाखवायला लागला.

दिवसभर घरात सण असल्यासारखं वातावरण होतं. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून दोघी आत आल्या, शाल्मलीने नेहमीसारखं दिव्याचं बटण दाबलं, आणि आई दाराची चौकट धरून मटकन खाली बसली.

"बंद कर ते. घर नाचतंय."

शाल्मलीने दिवा बंद केला. पुन्हा लावला. तिला काहीच वावगं दिसलं नाही, दिवा होता तसा छान पांढरा पेटत होता. आईने मात्र कानामागचं बटण दाबलं, डोळे मिटले आणि जुन्या सवयीने भिंत चाचपडत स्वयंपाकघरात गेली. आणि शाल्मली तर होती दिव्यांची इंजिनिअर. घरातला एकूण एक दिवा तिच्याच कारखान्यातला, त्यातले निम्मे तिने स्वतः आखलेले.

डॉक्टर बर्जेंनी फोनवर समजावलं ते असं. आपल्या भिंतीतली वीज एकसारखी येत नाही, ठोक्याठोक्याने येते. एलईडीत शिरताना ते सेकंदाला शंभर ठोके होतात, म्हणजे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, आपल्या डोळ्यांचा कारभार जरा सुस्तच. पण चिप सेकंदाला नव्वद चित्रं काढते. शंभर आणि नव्वद एकमेकांत अडकले, की फरकाच्या दहा लाटा तयार होतात. दर सेकंदाला दहा वेळा सगळं घर उजळतं आणि विझतं.

"मग चिपचा वेग वाढवा की," शाल्मली म्हणाली.

"तापते. मागच्या उरल्यासुरल्या नसा भाजतील."

"बरं, मग बरोबर शंभर करा."

"वीज कुठे नेमकी शंभरावर राहते? जराशी इकडेतिकडे झाली की लाटा आणखी संथ होतील, बोटीत बसल्यासारखं वाटेल." मग डॉक्टर म्हणाले, "शाल्मली, एक गोष्ट नीट ऐक. आईचा मेंदू बघायचं विसरलाय, त्याला ते परत शिकायचंय. हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. घरात शिरली की चिप बंद, असं चाललं तर मेंदू शिकणार नाही. नुसतं बाहेर बघून भागणार नाही. मग ती चिप डोळ्यात असून नसून सारखी."

आता दिव्याची थरथर कशी घालवायची हे शाल्मलीला कुणी शिकवायला नको होतं. दिव्यात एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि त्यात बसतो कपॅसिटर. त्याचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं. नळाला पाणी येईल तेव्हा भरून घ्यायचं, नसेल तेव्हा सोडायचं, म्हणजे खालच्या तोटीला धार अखंड. वीज चढली की कपॅसिटर भरतो, उतरली की आपल्यातली देतो. टाकी लहान असली की धार तुटते आणि दिवा थरथरतो. बाजारातल्या दिव्यांत टाकी लहानच असते, कारण कुणाची तक्रार नसते. तक्रार करणारे डोळे आजवर जन्मालाच आले नव्हते.

शाल्मलीने दोन दिवस रजा टाकली आणि घरातला प्रत्येक दिवा खोलला. मोठे कपॅसिटर बसवले. आई बाहेर पायरीवर बसून आत डोकावायची आणि "अजून नाचतंय", "आता नुसतं डुलतंय", "हां, बसलं एकदाचं" असा निकाल द्यायची. तिसऱ्या संध्याकाळी आईने घरात, दिव्याच्या उजेडात, स्वतःच्या हाताने पोह्यातल्या मिरच्या वेचून काढल्या. शाल्मलीला वाटलं, जिंकलो.

पण आईला घर नको होतं, तिला कॅरम हवा होता.

हे जरा सांगायला हवं. कुमुद सुर्वे आणि रुकैया मुकादम ही जोडी एके काळी बंदररोडच्या कॅरम मंडळात गाजलेली. समोरासमोर बसल्या, की बघणारे श्वास रोखून बसायचे. आईची नजर गेली तेव्हा आईने स्ट्रायकर कपाटात टाकला होता. रुकैयामावशीने तो काढला. बर्फाच्या कारखान्यातल्या ऑफिसातून सुटली, की दर गुरुवारी ती सुर्व्यांच्या ओटीवर हजर. बोर्ड मांडायची आणि आईला सांगायची, "राणी उजव्या हाताला, भोकापासून चार बोटं. तुझी पांढरी तिच्या पाठीशी." आई बोटांनी जागा चाचपून, कानांनी अंदाज घेऊन मारायची. आणि काय आश्चर्य, आईची राणी फार जायची.

त्यातलं आश्चर्य शाल्मलीला ठाऊक होतं. एकदा चहा घेऊन ओटीवर आली तेव्हा तिने पाहिलं होतं. राणी भोकाच्या काठावर अडकलेली, आणि रुकैयामावशीने अलगद बोट पुढे करून तिला जाळीत ढकललं, वर तोंडाने म्हणाली, "गेली गो, कुमुद. काय मारलीस." मग शाल्मलीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आईचा चेहरा तेव्हा असा खुलला होता, की शाल्मलीने जन्मात ते कुणाला सांगितलं नाही.

आता आईने फर्मान काढलं, "मंडळाच्या वार्षिक सामन्यात मी आणि रुकैया समोरासमोर खेळणार. डोळे उघडे ठेवून. तिथे जमलं तर चिप ठेवीन, नाहीतर या थेराचा मला कंटाळा आलाय. घराबाहेर प्रत्येक दिव्याखाली डोकं धरून बसायला कुणी सांगितलंय?"

"आई, सकाळी अंगणात बोर्ड मांडून खेळा ना."

"उन्हात पॉलिश चमकतं आणि हाताची सावली नेम खाते. कॅरम दिव्याखालीच."

रुकैयामावशीला हे सांगितलं तेव्हा ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बघायला लागली म्हणजे सगळंच बघणार ती," एवढंच म्हणाली आणि हातातल्या काचेच्या बांगड्या उगाच वरखाली करत बसली. शाल्मलीला तिची कीव आली. आईला दिसावं म्हणून आपण जिवाचं रान करतोय, आणि आईला दिसलं, की या दोघींच्यात काय उरेल कोण जाणे. पण थांबणंही शक्य नव्हतं.

मंडळाचा हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, बंद खिडक्या, आणि प्रत्येक बोर्डावर छतापासून लोंबणारा पत्र्याचा टोप, त्यात दिवा. शाल्मलीने मधल्या बोर्डाचा दिवा मागून घेतला, घरी आणला, आत भरभक्कम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवला, आईला टेबलावर लावून दाखवला. आई म्हणाली, "देवघरातल्या समईसारखा स्थिर आहे." दिवा मंडळात गेला, आणि आई खेळेल तेव्हा बाकीचे दिवे बंद ठेवायचं ठरलं. आई आणि मावशीचा सराव सुरू झाला. आईचे नेम आधी भलतीकडे जात होते, कारण बोटांना एक सांगायची सवय आणि डोळे दुसरंच सांगायचे. पण हळूहळू दोघांचं जुळायला लागलं. हॉलमधल्या बाया टाळ्या वाजवायच्या. सरावात मावशी फारशी बोलत नसे. आईची राणी चुकली, की खाली बघायची.

महिना-सव्वा महिना छान गेला आणि एका संध्याकाळी आई सराव अर्धा टाकून घरी आली.

"नाचायला लागला परत तुझा दिवा."

शाल्मलीने कपॅसिटर बदलला. पुन्हा काही आठवड्यांनी तेच. या वेळी आईने भांडण काढलं नाही, ते जास्त वाईट होतं. कानामागचं बटण दाबलं, डोळे मिटून आरामखुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुला दोष नाही देत गं. पण या वयात रोज आशा लावून घ्यायची आणि रोज पडायचं, हे मला नाही झेपत. आंधळी होते तेव्हा निदान घर जागेवर होतं." सामना पंधरवड्यावर आला होता. दोन दिवस तिने चिप चालूच केली नाही, बाहेर अंगणातसुद्धा नाही.

शाल्मलीने जुना कपॅसिटर फोडून पाहिला. इलेक्ट्रोलिटिकच्या पोटात ओला कागद गुंडाळलेला असतो, त्या ओलीवर त्याचं सगळं चालतं. हा कागद मे महिन्यातल्या पापडासारखा वाळलेला. टाकीच आटली होती. पण का? कपॅसिटर अस्सल होता, आणि घरचे तसलेच कपॅसिटर ठणठणीत चालत होते.

ती आईपाशी येऊन बसली. "आई, मंडळातल्या बोर्डात आणि आपल्या बोर्डात काय फरक आहे?"

"काय फरक असायचाय?" आई डोळे मिटूनच म्हणाली. मग तिच्या आतली खेळाडू जागी झाली. "तिथला बोर्ड झकास पळतो. हाताला कसा कोमट लागतो. पावडर सुकी राहते ना, सोंगटी नुसती तरंगत जाते. आपल्या ओटीवर कधी पळाला तसा?"

"कोमट?"

"हो मग. पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा असायचा तसा."

शाल्मलीने चपला घातल्या आणि थेट मंडळ गाठलं. मधल्या बोर्डाच्या टोपाला वरून हात लावला आणि चटका बसला तसा मागे घेतला. एलईडीचा टोप इतका तापायचं काहीच कारण नव्हतं. मंडळाचे चिटणीस शिरधनकर काका सोंगट्या पुसत बसले होते. त्यांनी अगदी अभिमानाने सांगितलं.

"कॉइल लावलीय आत. जुन्या इस्त्रीची. एलईडी आले आणि बोर्ड थंड पडले बघ. आपल्याकडची हवा ही अशी दमट, पावडरीचा चिकट गोळा व्हायला लागला. मग काय, सगळ्या टोपांत एकेक कॉइल बसवली. तू दिवा न्यायला आलीस की दर वेळी काढून ठेवायचो, आणि तू परत आणलास की लावायचो. तुला कशाला त्रास?"

शाल्मलीला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना. तिने दिवा घरच्या गार टेबलावर तपासला होता, आणि ही मंडळी त्याला भट्टीत बसवत होती. ऊब वर चढते, आणि ड्रायव्हर टोपात सगळ्यात वर. इलेक्ट्रोलिटिकचा नियम सोपा आणि क्रूर आहे, दर दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं. त्या टोपात ते आठवड्यांवर आलं होतं. दिव्यांची इंजिनिअर असून दिवा कुठे टांगणार हेच तिने विचारलं नव्हतं.

"काका, कॉइल काढली तर?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने मोदकातून सारण काढायला सांगितलंय. घरी आईला विचारलं तर तिनेही तेच केलं, डोळे मिटलेले असूनही.

म्हणजे ऊब राहणार. मग कपॅसिटर दुसरा हवा. शाल्मलीने आधी सिरॅमिकचे बसवून पाहिले. ते मुगाच्या दाण्याएवढे असतात आणि उष्णतेला दाद देत नाहीत. पण विजेचा दाब चढला, की त्यांची साठवण घसरते, म्हणून ढीगभर लावावे लागले, आणि विजेच्या ठोक्यांबरोबर ते अंग आक्रसतात, फुगवतात. आई स्वयंपाकघरात होती, चिप बंद करून भाजी निवडत. तिथूनच ओरडली, "कसला भुंगा आणलायस घरात?" शाल्मलीने कान दिव्याला लावला तेव्हा कुठे तिला ती बारीक गुणगुण ऐकू आली. कॅरमच्या हॉलमध्ये, जिथे बाया सोंगट्यांचा आवाज ऐकून खेळ ओळखतात, तिथे हे चालणार नव्हतं.

राहिला फिल्म कपॅसिटर. त्यात ओल नाहीच, वाळायचं काय? प्लास्टिकच्या झिरझिरीत पापुद्र्यावर धातूचा वाफेसारखा थर, असे पापुद्रे गुंडाळलेले. कुठे बारीक भोक पडलं तर तिथला धातू आपोआप जळून जातो आणि जखम भरते. पिढीभर चालतो, गाणंबिणं म्हणत नाही. एकच खोड, आकाराने आडदांड. तेवढीच वीज साठवायची तर इलेक्ट्रोलिटिकच्या कितीतरी पट जागा. शाल्मलीने सर्किट बदलून आतला दाब वाढवला, टाकी उंचावर ठेवली की लहान टाकीही जोर धरते तसं, तरी तो टोपात मावेना. आणि मावला असता तरी त्या भट्टीत ठेवायची तिची छाती नव्हती.

मग टोपातच का ठेवायचा? दिवा खाली, ड्रायव्हर वर छताला, मध्ये वायर. छताचा पत्राही उन्हाळ्यात तापतो, पण तेवढं फिल्म सोसतो. वर टांगायला डबा हवा होता. शिरधनकर काकांनी कपाटातून कॅरम पावडरीचा मोठा रिकामा प्लास्टिकचा डबा काढून दिला. शाल्मलीने त्याला हवेसाठी भोकं पाडली, आत फिल्म कपॅसिटर बसवला आणि शिडीवर चढून डबा आढ्याला आवळला. कॉइल दोन दिवस अखंड चालू ठेवली. मग यंत्राने उजेड मोजला. रेषा सरळ, कुठे सुरकुती नाही.

आता आईला आणायचं होतं.

"शेवटचं," शाल्मली म्हणाली. "नाही जमलं तर मी परत म्हणणार नाही."

"तू असंच म्हणतेस दर वेळी," आई म्हणाली. पण उठली, चांगली साडी नेसली आणि कपाटातून आपला जुना स्ट्रायकर घेतला.

सामन्याच्या दुपारी हॉल भरला होता. बाया होत्या, त्यांचे नवरे होते, डॉक्टर बर्जे मागच्या रांगेत टाचा उंचावून बघत होते. रुकैया मुकादम आधीच येऊन बसली होती. आई खुर्चीत बसली, हात बोर्डावर ठेवला, "कोमट आहे" म्हणाली, आणि कानामागचं बटण दाबलं.

आईने डोळे उघडले. बोर्ड पाहिला. मग दिव्याकडे पाहिलं, मग समोर.

"रुकैया, पंधरा दिवसांत आणखी म्हातारी झालीस गो."

सगळा हॉल हसला. रुकैयामावशीसुद्धा. शाल्मली भिंतीला टेकली. घर जागेवर होतं, हॉल जागेवर होता, काही नाचत नव्हतं.

खेळ काही जगावेगळा झाला नाही. दोघीही चुकल्या, दोघींनी मधूनच असे फटके मारले, की जुनी माणसं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. शेवटच्या डावात दोघींची एकेक सोंगटी आणि राणी उरली. पाळी आईची. राणी घ्यायची, लगेच आपली पांढरी घालून ती कव्हर करायची, की डाव आणि सामना खिशात. आई बराच वेळ बघत राहिली. आधी सवयीने बोट पुढे नेलं, मग मागे घेतलं आणि नुसत्या डोळ्यांनी माप घेतलं. मारलं.

राणी सरळ गेली, भोकाच्या ओठावर आली आणि तिथे थबकली.

"गेली," रुकैयामावशी म्हणाली. हात आपोआप पुढे सरकला होता, बांगड्या किणकिणल्या होत्या. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दुपारी सुटते? पण शब्द तोंडातून बाहेर पडताच तिचा चेहरा पांढरा पडला. शाल्मलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

आईने पुढे वाकून पाहिलं. मग पाहता पाहता ती हसायला लागली, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईतो.

"नाही गेली," ती म्हणाली. "काठावर आहे. दिसतेय मला."

"कुमुद, मी..."

"हात मागे घे, बाय. या बांगड्या मी दहा वर्षं ऐकतेय."

"तुला ठाऊक होतं?"

"सोंगटी फटक्याने पडते तो आवाज वेगळा, आणि बोटाने ढकललेली पडते तो वेगळा. डोळे गेले होते, कान नव्हते गेले."

रुकैयामावशीने हात मागे घेतला. "मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते, तर गुरुवारी आली असतीस का तू?"

मावशीने ओढणीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि शिरधनकर काकांनी घाईघाईने दिलेलं पाणी प्याली.

"आता पाळी तुझी," आई म्हणाली. "आणि माझ्यावर दया करून सोडलीस, तर लक्षात ठेव. मला दिसतंय."

रुकैया मुकादमने स्ट्रायकर ठेवला. दिव्याच्या स्थिर उजेडात लाल राणी काठावर बसली होती, आणि आई बोर्डावर इतकी वाकली होती, की पंचांनी तिला मागे व्हायला सांगितलं. ती काही मागे झाली नाही. स्ट्रायकर सुटला, राणीला हलकेच लागला, आणि राणी जाळीत उतरली. आईने ती थेट खालपर्यंत जाताना पाहिली.

"गेली," आई म्हणाली. "काय मारलीस, रुकैया."